डाव्या पॅडचा वरचा पट्टा

'माझे वडील कारखान्यात तुकडे कापतात' असं मी शाळेतल्या निबंधात लिहिलं होतं आणि बाईंनी त्याखाली लाल रेघ मारली होती. पण ते खरंच होतं. बाबा टेस्टिंगच्या लॅबमध्ये होते. पोलादाचा पत्रा आला, तांब्याची तार आली, कापडाचा गठ्ठा आला, की त्यातला एक लहान तुकडा कापायचा, त्याला जाड पिवळसर कार्ड सुतळीनं बांधायचं, कार्डावर माल कुठला, तुकडा कुठल्या टोकाचा, कापला कोणी, ते सगळं लिहायचं, आणि मग तो तुकडा ओढून, वाकवून, तोडून बघायचा. भट्टीतून येणाऱ्या मोठ्या नगाला तर तुकड्यासाठी मुद्दाम एक जास्तीची शेपटी ठेवलेली असे. "नगाला हात लावायचा नाही. जास्तीचं असतं त्यातनंच घ्यायचं," हे वाक्य मी लहानपणी वरणभातासोबत गिळलंय. आणि दुसरं एक. त्यांच्या एका सहकाऱ्यानं घाईत दोन तुकड्यांची कार्डं अदलाबदल केली होती. बाबा त्या माणसाशी वर्षभर कामापुरतं बोलले. चूक कुणाच्याही हातून होते, असं आई म्हणाली, तर बाबा म्हणाले, "तुकडा वाकडा कापला असता तर मी काही बोललो नसतो. नाव चुकीचं लिहिलं त्यानं." आई पुढे काही बोलली नाही, कारण बाबांचा आवाज चढला नव्हता. आवाज चढला नाही म्हणजे घाबरायचं, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

छपाईत वाकडी गेलेली कार्डं बाबा घरी आणत, आई त्यांवर किराण्याची यादी करी, आणि उरलेली माझी. त्या कार्डांनीच माझा घात केला म्हणायचं, पण कार्डं बिचारी काय करणार, कात्री माझ्या हातात होती. आमच्या टाउनशिपमध्ये तेव्हा कार्डांचं वेड होतं. कुणाकडे च्युइंगगमबरोबर येणारी क्रिकेटची कार्डं होती, पण भोपाळ पडलं हॉकीचं गाव, आणि हॉकीची कार्डं कोण छापणार? मग आम्ही ती बनवायचो. मासिकातला नाहीतर वर्तमानपत्रातला फोटो कापायचा, बाबांच्या कार्डावर खळीनं चिकटवायचा, खाली नाव, आणि त्याखाली बोटभर चौकोन. त्या चौकोनात खेळाडूची निशाणी लावायची. जर्सीचा धागा, स्टिकचा ढलपा, बुटाच्या तळव्यातला खिळा, फुटलेल्या चेंडूतलं बूच. निशाणीशिवायचं कार्ड म्हणजे नुसता कागद, दहा दिले तरी एकाला कोणी हात लावत नसे. निशाणी असली म्हणजे "असली है?" असं विचारायचं, समोरच्यानं गळ्याला चिमूट लावून "माँ कसम" म्हणायचं, की सौदा पक्का. निशाणी चौकोनात लावायची ही पद्धत माझीच. बाबांच्या लॅबमधून उचललेली.

वरच्या क्वार्टरमध्ये नीना सक्सेना राहायची. माझ्याहून वर्षानं मोठी, दोन वेण्या, आणि नाक असं वर की पाऊस आत जावा. तिच्या मामानं परदेशातून तिला एक छापील कार्ड पाठवलं होतं, हॉकीचंच, चकचकीत, मागच्या बाजूला बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं. ते तिनं मला एकदा हातात दिलं होतं आणि मी ते हुंगलं होतं. हसू नका. नव्या कंपासपेटीसारखा वास होता त्याला. ते कार्ड मला हवं होतं. इतकं हवं होतं की गणिताच्या तासाला मला फळ्यावर तेच दिसायचं. नीनाची अट एकच होती. "ताला का ला दे, निशानी वाला। फिर ये तेरा।"

ताला म्हणजे भोपाळचा मोठा गोलकीपर. गोल बंद करून टाकतो म्हणून पोरं त्याला ताला म्हणत. त्याचं खरं नाव मी इथे लिहीत नाही, त्या माणसाचा यात काही दोष नाही. त्याचे फोटो ढिगानं मिळत. निशाणी कुणाकडेच नव्हती. कारखान्याच्या हिवाळी स्पर्धेचं उद्घाटन करायला तो आला होता, लांबून हात हलवून गेला, बस.

त्याच स्पर्धेत देवीदासदादा आमच्याकडे उतरला. तेव्हा बाहेरून येणाऱ्या खेळाडूंना क्वार्टरांमधून वाटून देत. हॉस्टेल अपुरं पडे म्हणून तर खरंच, पण लोकांना हौसही असे. मराठी खेळाडू मराठी घरात, बंगाली बंगाल्यांकडे, म्हणजे जेवणाची आबाळ व्हायला नको. देवीदास पांढुर्ण्याचा. वय असेल एकवीस-बावीस. उंच, सावळा, लाजाळू, डाव्या भुवईत चेंडूनं पडलेली खोक. गावी संत्र्यांच्या पेट्या ठोकायचं काम करायचा. आला तेव्हा एका हातात पत्र्याची ट्रंक, खांद्यावर पोत्यात बांधलेले पॅड, आणि आईसाठी टोपलीभर संत्री. आईला वाकून नमस्कार करून म्हणाला, "काकू, मले काहीबी चालते. फक्त तिखट असलं तं बरं." झालं, आई खूश. आमच्याकडे पुणेरी गोडसर आमटी, पण त्या आठवड्यात आईनं खलबत्ता बाहेर काढला आणि रोज ठेचा झाला. सकाळी भोंग्याच्या आधी तो ठोकठोक आवाज यायचा आणि मागून देवीदासदादाचा, "काकू, मी कुटतो, तुमी बसा." बाबांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, नाकातून यायचं, पण तेही खायचे. भोपाळच्या शेव घातलेल्या पोह्यांवर तो हिरवा ठेचा घालून खाणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

तो कशासाठी आला होता हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. कारखान्याच्या संघाला गोलकीपर हवा होता. या स्पर्धेतून एकाला उचलणार, खेळाच्या कोट्यातून कायमची नोकरी, क्वार्टर, दवाखाना, सगळं. दोघं जण नजरेत होते, एक देवीदास आणि दुसरा जबलपूरकडचा कोणी. देवीदासदादानं आपल्या आईला सांगून ठेवलं होतं की या खेपेला नोकरी होते. बाबा जेवताना त्याला नोकरीतल्या बारीकसारीक गोष्टी समजावून सांगत, जणू तो रुजूच झाला होता, आणि तो भाकरी हातात तशीच धरून ऐकत राही.

शनिवारी दुपारी त्यानं पॅड खडूच्या पाण्यानं पांढरे केले आणि आमच्या व्हरांड्यात उन्हाला उभे करून ठेवले. संध्याकाळी त्याला सरावाला जायचं नव्हतं, म्हणून तो बाबांबरोबर बाजारात गेला. आई शेजारी हळदीकुंकवाला. घरात मी, आणि समोर ते पॅड. वेताच्या काड्या आत घालून शिवलेले, जुने, कुणाकडून तरी घेतलेले, त्याच्या पायांना जरा मोठेच. मागे तीन-तीन चामड्याचे पट्टे, बकलं. डाव्या पॅडचा वरचा पट्टा, गुडघ्याच्या मागून जाणारा, चांगला लांब होता. बकलातून बाहेर टोक लोंबत होतं. मी तो बकलात ओवून पाहिला, अगदी बाबांसारखा, डोळा मिचकावून. मधल्या भोकात बसला आणि पुढे चार बोटं उरली. जास्तीचं होतं ते. नगाला हात लावायचा नाही, जास्तीचं असतं त्यातनं घ्यायचं. मी आईच्या शिवणाच्या मशीनवरची कात्री आणली. चामडं चिवट होतं, एका फटक्यात कापलं गेलं नाही, दुसऱ्यांदा जोर लावला तेव्हा टोक टपकन् फरशीवर पडलं. त्यात दोन भोकं होती. मी ती पाहिली, पण मला वाटलं, निशाणीत भोकं असली तर जास्त खरं दिसेल. तेवढीच अक्कल.

खोलीत जाऊन मी तालाचा फोटो चिकटवला, त्याचं नाव लिहिलं, चौकोनात तुकडा सुईदोऱ्यानं टाचला, आणि खाली बाबांच्या लॅबसारखं सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'डावा पॅड, वरचा पट्टा, बकलापुढचे टोक.' उद्घाटनाच्या दिवशी बाबांनी तालाकडून मागून घेतला, असं नीनाला सांगायचं ठरवलं होतं. देवीदासदादाचं कार्ड करावं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्याचं कोण घेणार होतं? कार्ड भूगोलाच्या वहीत ठेवलं आणि वही दप्तरात. रविवारी सामना, सोमवारी शाळेत नीना.

रविवारी सकाळी मी पोहे खात होते. देवीदासदादा समोर पाटावर बसून डाव्या गुडघ्याला फलानीनची लांब पट्टी गुंडाळत होता. वेढ्यावर वेढे. जुनं दुखणं आहे का, असं आईनं विचारलं. "हाव काकू. दोन वर्षं झाले. हे बांधलं की काही होत नाही. पन पाय जाड होते ना, मंग वरचा पट्टा पुरत नाही. शेवटच्या भोकात कसातरी बसते." आणि हसला. "एक भोक तं मी स्वतः खिळ्यानं पाडलं, अगदी टोकाले."

माझ्या तोंडातला घास तसाच राहिला. आज साठ वर्षांनी लिहितानाही तो तिथेच आहे, खोटं नाही सांगत. शेवटचं भोक माझ्या भूगोलाच्या वहीत होतं. व्हरांड्यात पोतं बांधून तयार होतं; त्यानं पॅड काल संध्याकाळीच आत कोंबले होते, उघडून बघायचं कारण नव्हतं. आता सांगायचं, मी स्वतःला म्हटलं. आता सांगितलं तर अजून चार तास आहेत, मोची आहे, बाबा काहीतरी करतील. मी म्हटलं, "देवीदासदादा." तो म्हणाला, "काय वो?" त्याची भुवई वर गेली, ती खोक असलेली, आणि मला एकदम तो अनोळखी माणूस वाटला, मोठा, पेट्या ठोकणारा, त्याचे ते हात. त्याच्यामागे बाबा दाढी करत होते, आरशातून माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "अजून पोहे हवेत का?" तो म्हणाला, "नाही, पोट जड नको." मग बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला, खेळाडूंना न्यायला आलेला, आणि तो पोतं खांद्यावर टाकून गेला. आईनं त्याच्या हातावर दही घातलं. मी दारात उभी राहून ट्रक वळेपर्यंत पाहत होते. ट्रक वळल्यावर सांगायचं ठरवलं होतं, ते बाबा आंघोळीला गेल्यावर, मग ते बाहेर आल्यावर, मग जेवताना. मी ताटातलं तसंच ठेवून उठले. आई म्हणाली, ऊन लागलं असेल पोरीला. हिवाळ्यात कुठलं ऊन.

मैदानावर आम्ही तिसऱ्या रांगेत होतो. मी देवाला काय काय कबूल केलं असेल त्याचा हिशेबच नाही. चेंडू त्याच्या बाजूला येऊच नये, जबलपूरवाल्याच्या पायाला काटा लागावा, भोंगा वाजून सामना रद्द व्हावा. खेळाडू उतरले तेव्हा देवीदास गोलजवळ एक गुडघा टेकून बसलेला दिसला. तो काहीतरी ओढत होता. परत ओढलं. मग त्यानं पट्टा डोळ्यांजवळ धरून पाहिला, उलटा केला, आणि इकडेतिकडे बघायला लागला, खाली गवतात, पोत्यात. तुटलेलं टोक शोधत होता तो. बाबा म्हणाले, "काय झालं याला?" शेवटी कुणीतरी त्याला बुटाची नाडी दिली आणि त्यानं पट्टा आणि बकल नाडीनं बांधले, गाठीवर गाठ.

पहिला अर्धा वेळ तो खेळला. मला बाकी खेळ आठवत नाही, मला ती नाडी आठवते. एवढ्या लांबून नाडी दिसणं शक्य नव्हतं, पण मला दिसत होती. प्रत्येक वेळी त्यानं पाय फेकला की मी बाबांचा कोट घट्ट धरायचे. दोन गोल त्यानं असे अडवले की लोक उभे राहिले, आणि बाबा, जे कधी कशासाठी उठून उभे राहत नसत, तेही उभे राहिले. म्हणाले, "होतंय याचं." दुसऱ्या अर्ध्यात समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर मिळाला, दुसरा मिळाला, आणि दुसऱ्याच्या आधी तो वाकून डाव्या पायाशी काहीतरी करत होता तेव्हाच शिट्टी झाली. तो उठला, धावत पुढे आला, आणि मी पाहिलं, पॅड फिरला होता. पुढचा भाग बाजूला गेला होता, दार किलकिलं व्हावं तसा. चेंडू गुडघ्याच्या आतल्या बाजूला लागला. आवाज आमच्यापर्यंत आला. तो ओरडला नाही. नुसता बसला आणि मग आडवा झाला.

त्याला कारखान्याच्या दवाखान्यात नेलं. बाबा बरोबर गेले आणि संध्याकाळी एकटेच आले, हातात ते पोतं. गुडघ्यातली वाटी सरकली आहे, म्हणाले, दोन दिवसांत सोडतील, पण डॉक्टर म्हणतात की खेळणं आता कठीण. आईनं पदर तोंडाला लावला. बाबा व्हरांड्यात स्टूल घेऊन बसले आणि त्यांनी पॅड बाहेर काढला. पट्टा उजेडात धरला. मग आत जाऊन लॅबमधलं ते लहान भिंग आणलं. मी दाराच्या आड होते. बाबा स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "तुटलेला नाही हा. कापलेला आहे. कात्रीनं. दोन फटक्यांत." थोड्या वेळानं, तसंच, मान वर न करता, "शैला, इकडे ये."

मी गेले. आवाज चढला नव्हता.

"तू?"

मी मान हलवली.

"कशासाठी?"

"निशाणीसाठी. जास्तीचं वाटलं मला."

बाबांनी पट्ट्याची कापलेली कड बोटानं चाचपली. मग म्हणाले, "बकलात घालून पाहिलंस?" मी हो म्हटलं. "पायावर घालून?" नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली, जणू लॅबमध्ये नव्या पोराचं काम तपासत होते, आणि एक क्षण मला वाटलं, सुटले. मग ते म्हणाले, "आण तुकडा."

मी दप्तरातून वही आणली, वहीतून कार्ड काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. आपण काय दिलं ते द्यायच्या क्षणापर्यंत माझ्या ध्यानात नव्हतं, एवढी मी कापल्याच्या भीतीत होते. बाबांनी फोटो पाहिला. नाव वाचलं. खालची ओळ वाचली, माझं ते सुवाच्य अक्षर. भिंग खाली ठेवलं. माझ्या वडिलांनी मला आयुष्यात कधी मारलं नाही, त्या दिवशीही नाही. पण त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं तसं त्या कार्ड अदलाबदल करणाऱ्या माणसाकडे पाहिलं असणार, आणि मला वाटलं की आता हे माझ्याशीही वर्षभर कामापुरतं बोलणार. "हे कोणाच्या नावावर लिहिलंस तू?" एवढंच म्हणाले, आणि उत्तराची वाट न पाहता आत गेले. त्या रात्री आम्ही कोणी जेवलो नाही. ठेच्याचा खलबत्ता धुवून पालथा घातलेला होता.

सोमवारी त्यांनी अर्धी रजा टाकली, आणि मला शाळेऐवजी क्रीडा विभागाच्या साहेबांकडे नेलं. मी सायकलच्या दांडीवर, थंडीनं आणि भीतीनं कुडकुडत. मला वाटत होतं, तिथे पोलीस असतील. पोलीस नव्हते, हीटर होता आणि चहा पिणारे एक जाडे साहेब होते. बाबांनी कार्ड टेबलावर ठेवलं, पट्टा ठेवला, आणि म्हणाले, "साहब, लड़के की गलती नहीं थी। उसका सामान काटा गया था। मेरी बेटी ने काटा है। इसका बयान लिख लीजिए।" मग माझ्याकडे वळून, "सांग." मी सांगितलं. हिंदीत, अडखळत, सगळं. साहेबांनी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं आणि हसले. हो, हसले. "अरे सबनीसजी, बच्ची है। बच्चे करते हैं।" बाबा म्हणाले, "इसीलिए तो आया हूँ।" साहेब म्हणाले, यादी सकाळीच वर गेली, जबलपूरवाल्याचं नाव गेलं, आणि तसंही गुडघा गेलेल्या गोलकीपरचं कारखाना काय करणार. बाबा म्हणाले की खेळाडू म्हणून नको, हेल्पर म्हणून तरी बघा, मुलगा मेहनती आहे. साहेब म्हणाले, बघू. पुढे बाबांनी त्यासाठी तीन अर्ज केले. काही झालं नाही. इथे मला काहीतरी झालं असं लिहायला फार आवडलं असतं.

बुधवारी त्याला दवाखान्यातून सोडलं. तो आमच्याकडे आलाच नाही, कोणाच्या तरी जीपमधून परस्पर हबीबगंज स्टेशनवर गेला. दुपारच्या पॅसेंजरनं जाणार, सामान कोणाहाती पाठवून द्या, असा निरोप आला. बाबांनी त्याची ट्रंक आणि पोतं रिक्षात टाकलं आणि मला म्हणाले, "चल. त्याला तू सांगायचंस." मी रडायला लागले. मी आईकडे पाहिलं, आई पोळ्यांचा डबा बांधत होती, तिनंही मान वर केली नाही.

हबीबगंज तेव्हा लहानसं स्टेशन होतं, आणि आता तर नावही राहिलं नाही. एका बाकावर तो पाय सरळ पसरून बसला होता, गुडघ्याला प्लास्टर. आम्हाला पाहून उठायला गेला. "काका, तुमी काहून आले? मी निरोप देल्ता ना." बाबांनी ट्रंक ठेवली आणि चार पावलं मागे सरले. मी एकटी त्याच्यासमोर. त्याचे ते हात त्याच्या मांडीवर होते आणि मी फक्त त्यांच्याकडे बघत बोलले. पट्टा मी कापला. कात्रीनं. टोकाचा. निशाणीसाठी.

मी थांबले, की आता हात उठेल. हात उठला नाही. त्यानं विचारलं, "निशानी म्हंजे?"

मी कार्डांचं सगळं सांगितलं, नीनाचं, छापील कार्डाचं. आणि एवढ्यावर थांबता आलं असतं. फोटोचं त्याला कधी कळलं नसतं. पण बाबा मागे उभे होते, आणि मी वळून न बघताही मला माहीत होतं की ते वाट पाहतायत. मी म्हटलं, "पण नाव तुमचं नाही लिहिलं. तालाचं लिहिलं. त्याचा पट्टा म्हणून देणार होते."

आता मात्र त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"माहं नाव लिहिलं असतं," तो सावकाश म्हणाला, "तं तिनं तुले ते कार्ड देलं असतं का?"

"नाही."

"हाव," तो म्हणाला. "ते बी खरंच."

रागानं नाही म्हणाला तो. बाजारात भाव ऐकून मान हलवावी तसं म्हणाला. मग त्यानं आईनं दिलेला डबा उघडून हुंगला, ठेचा आहे का पाहिलं, आणि बाबांना हाक मारून जवळ बसवून घेतलं. गाडी येईपर्यंत दोघं बोलत होते, गुडघ्याबद्दल, यंदाच्या संत्र्यांबद्दल, बसून कुठली कामं करता येतील त्याबद्दल. गाडी आली तेव्हा बाबांनी त्याला खांदा दिला, कुणीतरी आतून ओढून घेतलं. तो खिडकीशी बसला. मी फलाटावर बाबांच्या कोटामागे उभी होते, आणि गाडी हलली तरी मला वाटत होतं की हा आता उतरेल, लंगडत येईल आणि मला मारेल. मी त्याची वाटच पाहत होते. त्यानं खिडकीतून हात काढला आणि मी डोळे घट्ट मिटले. उघडले तेव्हा तो हात हलवत होता, मला.